चार नसलेलं इस्पितळ

म्याओलीच्या त्या इस्पितळात चार नव्हता. लिफ्टमध्ये तीनच्या वर पाचचं बटण होतं. नोंदणीच्या खिडक्या एक, दोन, तीन आणि पाच. वॉर्डात तिसऱ्या खाटेला लागून पाचवी खाट. चार हा मरणाचा आकडा, चिनी बोलीत दोन्ही शब्द जवळजवळ सारखेच, आणि इस्पितळात मरण न बोलावता येतंच, त्याला पाटी लावून कशाला बोलवा, एवढाच साधा विचार. त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. फान-ज्यांग युएछिनलाही सोळा वर्षांत कधी वाटलं नव्हतं.

ती तिथल्या संगणक विभागात होती. त्रेपन्न वर्षांची, बुटकी, कानाच्या वर केस कापलेली, आणि बाराही महिने अंगात तोच करडा स्वेटर, कारण सर्व्हरच्या खोलीत बाराही महिने थंडी. बाप शिनवूच्या बसवर कंडक्टर. ही गणितात पदवी घेऊन शिनचूच्या चिप कारखान्यात लागली, पांढरा झगा घालून पंधरा वर्षं रात्रपाळ्या केल्या. मग मुलाला दमा निघाला. तेव्हा अर्ध्या पगारावर ती या इस्पितळात आली, कारण इस्पितळ घरापासून सात मिनिटांवर होतं आणि दम्याचा झटका सात मिनिटं कसाबसा थांबतो, असा तिने हिशेब केला होता. मुलगा आता चोवीस वर्षांचा, सैन्याची नोकरी संपवून तैनानला गेलेला, दमा कधीच गेलेला. तरी ती अजून घरातून निघताना घड्याळ बघायची.

सगळे तिला छिन-ज्ये म्हणत, म्हणजे छिनताई. पाठीमागे ‘ताठ मान’ म्हणत. त्या भागातली हाक्का बोलणारी माणसं हे नाव एरवी अभिमानाने मिरवतात. तिला ते वैतागून ठेवलेलं होतं. तिचा राग आरडाओरड्याचा नव्हता. राग आला की तिचा आवाज खाली जायचा आणि ती समोरच्याला त्याच्या पूर्ण हुद्द्याने हाक मारायची. तिच्या तोंडून आपला हुद्दा ऐकला की माणसं खुर्ची मागे सरकवत.

चांद्र नववर्षाला पंधरा दिवस उरले असताना, मंगळवारी सकाळी, पाचव्या खिडकीशी तेंग मावशी येऊन उभी राहिली. बाजारात तांदळाच्या पट्ट्या विकणारी बाई, हाताला अजून पीठ होतं. तिने मुलीचा फोन खिडकीतल्या स्यूमेईच्या नाकासमोर धरला.

“वाच. मोठ्याने वाच.”

स्यूमेईने वाचलं नाही. पडद्यावर छातीच्या गाठीच्या तपासणीचा अहवाल होता. शेवटच्या ओळीत कर्करोगाच्या पेशी सापडल्याचं लिहिलं होतं.

“माझी पोरगी सव्वीस वर्षांची आहे,” तेंग मावशी म्हणाली. “तुमचा संदेश आला, अहवाल तयार आहे, उघडा. तिने उघडला. दोन दिवस भिंतीकडे तोंड करून पडलीय. दोन दिवस मी तिच्या तोंडाशी पेज धरतेय. आणि आज डॉक्टर म्हणतात, तुझी गाठ साधी आहे, जा घरी. मग हे काय आहे?”

“मावशी, वर नाव बघितलंत का? दुसऱ्या कुणाचं…”

“नाव कुठे ठेवता तुम्ही? आडनाव, आणि पुढे दोन गोळे. गुप्ततेसाठी म्हणे. तेंग आडनावाची माणसं या गावात पोत्याने आहेत.”

तोपर्यंत युएछिनचे विभागप्रमुख त्साय साहेब खाली आले होते. खरेदी विभागातून वर आलेला माणूस, पंचेचाळिशीचा, शर्ट नेहमी इस्त्रीचा. त्यांनी मावशीला चहा मागवला, आणि मुलीने कुणा मैत्रिणीच्या फोनवरून तर उघडलं नव्हतं ना, कुणीतरी आधी उघडून बंद करायला विसरलं असेल, असं पुष्कळदा होतं, असं गोड आवाजात समजावलं.

“साहेब, तिचा फोन आहे. तिच्या उशीखाली असतो.” मावशीने चहाला हात लावला नाही. “बरं, समजा चूक माझ्या पोरीची. मला एवढंच सांगा. माझ्या पोरीला दुसरीचा वाईट दिसला. तसा एखाद्या वाईटवालीला दुसरीचा चांगला दिसला असेल, तर ती आज काय करत असेल?”

त्साय साहेबांनी मान डोलावली, जणू कुणी हवेबद्दल बोलत होतं. स्यूमेईच्या मागे उभी असलेली युएछिन मात्र जागची हलली नाही. असेल तर ती बाई आज भाजी आणत असेल. नववर्षाची साफसफाई करत असेल. हसत असेल.

वरती गेल्यावर त्साय साहेबांनी पहिला प्रश्न विचारला, “पाकिटं जुनी झालीत का?”

प्रत्येक सर्व्हरवर मक्याच्या खाऊचं एक हिरवं पाकीट ठेवलेलं असे. त्या खाऊच्या नावाचाच अर्थ ‘शहाण्यासारखं वाग’ असा, म्हणून ते यंत्रावर ठेवायचं, हिरवंच ठेवायचं, आणि तारीख उलटायच्या आत बदलायचं. देशातल्या सगळ्या सर्व्हरच्या खोल्यांत हे असतं आणि युएछिन स्वतः दर तिमाहीला ती पाकिटं बदलायची.

“मार्चपर्यंत ताजी आहेत, साहेब.”

“मग सगळी यंत्रं एकदा बंद करून चालू करा. होईल ठीक.”

“बंद केली तर आठवणीत आहे ते पुसलं जाईल. कोणाच्या जागी कोण दिसलं ते मग कधीच कळणार नाही.”

“छिन-ज्ये, उद्या वर्षअखेरची मेजवानी आहे. संचालक येणार. तुम्ही आत्ता हे उकरू नका. एक बाई आली, चहा दिला, गेली.”

“एक नाही,” युएछिन म्हणाली. तिने तक्रारींची फाइल उघडली होती. ‘रुग्णाची चूक’ या शिक्क्याखाली दहा दिवसांत आणखी तीन कागद पडले होते. एका म्हाताऱ्याला कुणाचं तरी गरोदरपणाचं पत्रक दिसलं होतं, तर नोंदणीवाल्याने समासात हसरा चेहरा काढला होता. “चार आहेत, विभागप्रमुख त्साय.”

त्साय साहेबांनी खुर्ची मागे सरकवली.

ही संगणकव्यवस्था तायपेईच्या एका कंपनीने बसवलेली होती आणि तिची देखभाल ग्वो नावाचा अभियंता करायचा. तिने त्याला फोन लावला.

“आमच्याकडे असं होतच नाहीये, छिन-ज्ये,” तो म्हणाला. काहीतरी खात होता. “मी आत्ता वीस वेळा उघडून बघितलं.”

“किती माणसं होती चाचणीला?”

“मी एकटाच.”

“एकट्या माणसाची कुणाशी अदलाबदल होणार, वरिष्ठ अभियंता ग्वो?”

खाणं थांबलं. “हे बघा, लोक एकमेकांचे फोन वापरतात. त्याला आम्ही काय करणार.”

“वापरत असतील. गरोदर बाईचा फोन घेऊन तो म्हातारा काय करत होता, ते मात्र मला लिहून पाठवा.”

तिने फोन ठेवला. आपल्याला भीती वाटते आहे हे तिला कळत होतं, आणि भीतीचा राग होण्यासारखं दुसरं सुख नाही हेही कळत होतं.

त्या दुपारी तिने आणि स्यूमेईने स्वतःच्या फोनवरून चाळीस वेळा लॉगिन केलं. चाळीसही वेळा त्यांना आपापलंच दिसलं. स्यूमेईला मजा वाटायला लागली होती. “माझं रक्तातलं लोह कमी आहे हे मी आज चाळीस वेळा वाचलं, छिन-ज्ये. आता मेजवानीत यकृत खाईन.” युएछिन हसली नाही. ती तेंगच्या मुलीने काढलेलं पडद्याचं चित्र बघत होती. वरच्या कोपऱ्यात फोनचं घड्याळ होतं. दहा वाजून शून्य मिनिटं. तिने बाकीचे तीन कागद काढले. ‘साधारण दहा’. ‘सकाळी दहा’. ‘संदेश आल्या आल्या’.

संदेश दहाला सुटायचे. ज्यांचे अहवाल आदल्या दिवशी तयार झाले त्या सगळ्यांना एकदम. आणि ज्याने आठवडाभर वाट पाहिली आहे तो संदेश आला की चष्मा शोधत बसत नाही. दहाच्या ठोक्याला दोन-अडीचशे माणसं एकाच दरवाजावर धडकत होती.

बुधवारी दहाला पाच मिनिटं कमी असताना ती चालू लॉगिनची यादी समोर लावून बसली.

त्या इस्पितळातली गोष्ट अशी होती. लोकांचं काम पाच सर्व्हर वाटून घेत. दारात एक वाटप करणारं यंत्र, ते येणाऱ्याला मोकळ्या सर्व्हरकडे पाठवायचं, खिडकीशी रांग लावणाऱ्या शिपायासारखं. लॉगिन झालं की सर्व्हर माणसाला एक बिल्ला द्यायचा: आधी सर्व्हरचा स्वतःचा क्रमांक, मग तारीख, मग सेकंदापर्यंतची वेळ; एक सर्व्हर एका सेकंदाला एकच बिल्ला द्यायचा. आणि बिल्ल्याच्या क्रमांकाचा खण एका सामाईक कपाटात उघडायचा. त्या खणात त्या माणसाचे कागद. पुढच्या वेळी माणूस कुठल्याही सर्व्हरकडे गेला तरी चालेल, बिल्ला दाखवला की खण उघडतो. रचना जुनी होती, ओबडधोबड होती, पण सहा वर्षं कुणाचे कागद कुणाला गेले नव्हते.

दहा वाजले. यादी धबधब्यासारखी खाली पळायला लागली. बोट पडद्यावर ठेवून ती बघत राहिली. आणि दहा वाजून सात सेकंदांच्या एका बिल्ल्यासमोर, तिच्या बोटाखालीच, नाव बदललं. आधी एक पुरुष होता, डोळा मिटायच्या आत तिथे बाई होती. बिल्ला तोच.

बिल्ल्याची सुरुवात पाचने होत होती.

जेवणाच्या सुट्टीत तिने नोंदणीच्या आठ मुलींना गोळा केलं. प्रत्येकीच्या एका हातात डबा, दुसऱ्या हातात फोन. “मी तीन म्हटलं की दाबायचं. आधी नाही, नंतर नाही.”

“आणि चार म्हटलं तर?” एकीने विचारलं. बाकीच्या फिदीफिदी हसल्या.

“मी चार म्हणणार नाही.”

दुसऱ्या फेरीत स्यूमेईच्या फोनवर शेजारच्या मुलीचं नाव उमटलं आणि हसणं बंद झालं. युएछिनने सहा क्रमांकाचा सर्व्हर वाटपातून काढला, अकरा दिवसांपूर्वी आलेला तो नवा कोरा. वीस फेऱ्या, काही नाही. तो परत घेतला आणि पाच काढला. वीस फेऱ्या, काही नाही. दोघंही एकेकटे साधुसंत. दोघं एकत्र आले की गडबड.

ती सर्व्हरच्या खोलीत गेली. पाच यंत्रं उभी होती. पेट्यांवर पाट्या: एक, दोन, तीन, पाच, सहा. चार इथेही नव्हता. तिने पाचची आतली नोंद उघडली. स्वतःचा क्रमांक: पाच. सहाची उघडली. स्वतःचा क्रमांक: पाच.

दोन खिडक्या एकाच क्रमांकाचे बिल्ले वाटत होत्या आणि कपाट एकच होतं. एरवी बिघडत नव्हतं, सेकंद वेगळा असायचा. पण दहाच्या गर्दीत एकाच सेकंदाला दोघांना तोच बिल्ला गेला, की नंतरचा माणूस आधीच्याचे कागद खणाबाहेर फेकून आपले ठेवायचा. मग आधीचा आपला बिल्ला घेऊन यायचा आणि दुसऱ्याचे कागद वाचायचा.

“नवं यंत्र पाचवं आहे,” ग्वो फोनवर म्हणाला. “क्रमांक आमची स्क्रिप्ट आपोआप देते, ती यंत्रं मोजते. एक, दोन, तीन, चार, पाच. पाचव्याला पाच.”

“पेटीवर सहा लिहिलंय.”

“पेटीवर काय लिहिलंय ते स्क्रिप्टला दिसत नाही, छिन-ज्ये. आमचं मोजणं बरोबर आहे. तुमच्या चौथ्या यंत्राला आत पाच कुणी लिहिलं? ते विचारा आधी.”

तिला विचारायची गरज नव्हती. सहा वर्षांपूर्वी चौथं यंत्र आलं तेव्हा जुने प्रमुख ल्यू तिच्या खुर्चीमागे उभे होते. पाटीवर पाच लिहून झाला होता. “आत पण नको,” ते म्हणाले होते. “आत कोण बघतंय, साहेब?” ती हसली होती. “कुणी नाही. तरी नको.” तिने आत पाच लिहिला. आणि कामाच्या वहीत, जिथे ती एका स्क्रूचीही नोंद ठेवायची, तिथे हे लिहिलं नाही. गणिताच्या पदवीधर बाईने असलं कारण लिहायचं म्हणजे लाज वाटली. ल्यू साहेब निवृत्त होऊन वारले. वहीचं ते पान कोरंच राहिलं.

ती थंडीत उभी राहिली. आतापर्यंतचा राग सोपा होता, दुसऱ्यांवरचा होता.

सहाच्या आत सहा लिहायला चार सेकंद लागले. मुलींनी आणखी तीस फेऱ्या मारल्या, सगळं ज्याचं त्याला. त्साय साहेब खूश झाले. मेजवानीत सोडतीचं एक बक्षीस तुमच्यासाठी वेगळं ठेवायला सांगतो म्हणाले. मिटलं म्हणाले.

ती मिटवायला गेलीच नाही. ती अकरा दिवसांच्या नोंदी काढत बसली. एकाच बिल्ल्यावर दोन नावं आली असे एकशे सत्तावीस प्रसंग. त्यात पहिल्याने दुसऱ्याचा अहवाल उघडला असे नऊ. नवांपैकी आठांनी नंतर पुन्हा लॉगिन करून स्वतःचा बघितला होता, किंवा डॉक्टरांसमोर बसून ऐकला होता. तेंगच्या मुलीला जो दिसला त्या अहवालाची बाई आधीच तपासणीला येऊन गेली होती. आठ नावांवर तिने एकेक रेघ मारली.

नववं नाव होतं जोंग बीयुन. सत्तेचाळीस वर्षं, राहणार दाहू. नऊ दिवसांपूर्वी दहाच्या ठोक्याला लॉगिन. तिने जो अहवाल वाचला तो दुसऱ्या कुणा जोंग आडनावाच्या बाईचा, निर्मळ. तिचा स्वतःचा अजून कुणीच उघडलेला नव्हता. युएछिनने त्याची शेवटची ओळ वाचली आणि डोळे मिटले. खाली नोंदणीची टीप होती: ‘रुग्णाने फोन करून पुढची भेट रद्द केली. अहवाल चांगला आहे म्हणते. स्ट्रॉबेरीचा हंगाम संपला की येईन.’

न उघडलेल्या अहवालांची यादी नर्सकडे जायची, पण तीस दिवसांनी.

“नववर्षानंतर,” त्साय साहेब म्हणाले. साडेतीन वाजले होते. ते मेजवानीसाठी टाय बदलत होते. “आधी वकिलांना दाखवू. मग पत्र पाठवू, नीट शब्दांत. आपण फोन केला म्हणजे आपण कबूल केलं.”

“कबूल करण्यासारखंच आहे.”

“छिन-ज्ये, सणाच्या तोंडावर कुणाच्या घरी अशी बातमी पाठवतात का? तुम्ही पाठवाल? त्या बाईला निदान वर्षाचा पहिला दिवस तरी सुखाने जाऊ दे. पंधरा दिवसांनी काय मोठा फरक पडणार आहे?”

“हे डॉक्टरांनी सांगितलं, का तुम्ही?”

साहेब टायची गाठ सोडून पुन्हा बांधायला लागले.

“मी डॉक्टरांच्या नर्सकडे जाऊन आले,” ती म्हणाली. आवाज इतका खाली गेला होता की साहेबांना वाकावं लागलं. “उद्या नऊची वेळ घेतलीय. नर्स म्हणाली, नऊ दिवस गेले तेच फार झाले. फोन मी करते. इस्पितळाच्या नावाने नको असेल तर माझ्या नावाने करते, कारण पाच मी लिहिला होता. हे मी कागदावर लिहून तुमच्या टेबलावर ठेवलंय, सहीसकट. वकिलांना ते दाखवा. मेजवानीत कोंबडीचं डोकं माझ्याकडे वळवून ठेवा हवं तर.” मालकाला ज्याला कामावरून काढायचं असेल त्याच्याकडे पूर्वी मेजवानीत कोंबडीचं डोकं वळवून ठेवत. “मुलाचा दमा गेलाय माझ्या. सात मिनिटांवर राहायची आता मला गरज नाही, संगणक विभागाचे प्रमुख त्साय.”

तिने फोन लावला. चौथ्या घंटीला एका बाईने उचलला, मागे लहान मुलांचा गलका होता.

“मी इस्पितळातून बोलतेय. तुमचा अहवाल…”

“इस्पितळ, बँक, पोलीस. दिवसाला तीन फोन येतात तुमच्यासारख्यांचे. आता काय, माझं खातं गोठवलंय? लाज नाही वाटत? काहीतरी कामधंदा करा.” फोन बंद झाला. दुसऱ्यांदा लागला नाही, तिने नंबर अडवला होता. स्यूमेईच्या फोनवरूनही तेच झालं. युएछिनला तिचा दोष वाटेना. तिने स्वतः मुलाला हेच शिकवलं होतं, अनोळखी माणसाचं एक वाक्य ऐकायचं नाही.

तिने गाडीची किल्ली घेतली. खाली मेजवानीला निघालेल्या मुली दारात ओठ रंगवत उभ्या होत्या. दाहूला पोचायला अर्धा तास लागला. सगळ्या वाटेत ती त्साय साहेबांना, ग्वोला आणि मेलेल्या ल्यू साहेबांना मोठ्याने शिव्या देत होती, आणि प्रत्येकाच्या शेवटी स्वतःला.

जोंग बीयुनचं शेत रस्त्याला लागूनच होतं. उन्ह अजून होतं. शहरातून हौसेने आलेली दोन कुटुंबं वाकून स्वतःच स्ट्रॉबेरी तोडत होती. कापडी झालरीची टोपी घातलेली, गुडघ्याला चिखल लागलेली एक बाई टोपल्या वाटत होती.

“टोपली हवी? लहान का मोठी?”

युएछिनने गळ्यातलं ओळखपत्र पुढे धरलं आणि हाक्का बोलीत बोलायला लागली. “मघाशी फोन मीच केला होता. मी फसवणूकवाली नाही. शिनवूच्या फान-ज्यांगांपैकी आहे. तुम्ही फोन ठेवलात ते बरोबर केलंत.”

बीयुनने ओळखपत्र दोन्ही बाजूंनी बघितलं. “मग? माझं तर साफ आहे. मी बघितलं ना.”

“तुम्ही बघितलात तो तुमचा नव्हता.”

“म्हणजे?”

“आमच्या दोन यंत्रांचा क्रमांक एक झाला होता. तुमच्या फोनवर दुसऱ्या बाईचे कागद आले. तुमचा अहवाल अजून कुणी उघडलेला नाही.”

“माझ्यात काय आहे?”

“ते डॉक्टर सांगतील. उद्या सकाळी नऊला वेळ आहे.”

“तू वाचलायस.”

युएछिनने ओळखपत्र स्वेटरच्या आत सरकवलं.

“तू तो वाचलायस, आणि साफ असता तर तू इतक्या लांब आली नसतीस.” बीयुनने हातातल्या टोपल्या खाली ठेवल्या, एकात एक नीट बसवून. मग ती बोलायला लागली, आणि बोलायची थांबेना. “नऊ दिवस. नऊ दिवस मी लोकांना सांगत सुटलेय, सुटले म्हणून. नवऱ्याला दारू पाजली. सासूला सांगितलं, आता तुम्हाला माझं काही करावं लागणार नाही. भूदेवाच्या देवळात जाऊन नवस फेडून आले, अख्खं डुकराचं डोकं वाहिलं. आता काय करू, परत मागू? त्याला सांगू, तुझी काही चूक नाही, इस्पितळवाल्यांना आकडे मोजता येत नाहीत? तुम्ही लोक शिकलेले. थंड खोलीत बसता. आम्ही एक फळ चुकीच्या टोपलीत टाकलं तर गिऱ्हाईक आईबहीण काढतं. तुम्ही माणूस चुकीच्या टोपलीत टाकता आणि एक बाई पाठवता, स्वेटर घालून.”

फळं तोडणारी कुटुंबं मान खाली घालून तोडत होती. युएछिन हलली नाही. सारवासारव करणारं एकही वाक्य तिने मध्ये घातलं नाही. तिच्या जागी आपण असतो तर आपणही हेच बोललो असतो, कदाचित याहून वाईट, एवढंच तिला वाटत होतं.

“कुणी केलं हे?” शेवटी बीयुनने विचारलं.

“क्रमांक मी लिहिला होता. सहा वर्षांपूर्वी. चौथ्या यंत्राला चार म्हणायचं नाही म्हणून पाच लिहिला, आणि तसं लिहिलंय हे कुणाला सांगितलं नाही.”

बीयुन तिच्याकडे बघत राहिली. “चार म्हणायचं नाही म्हणून.”

“हो.”

एका लहान मुलाने भरलेली टोपली आणून तिच्या पायाशी ठेवली. बीयुनने ती वजनकाट्यावर ठेवली, पैसे घेतले, सुटे दिले. मग पाठमोरीच म्हणाली, “नऊला येते. तू तिथे असायचंस.”

गुरुवारी सकाळी सव्वाआठपासून युएछिन पाचव्या खिडकीशेजारी उभी होती. रात्रीच्या मेजवानीत तिला सोडतीत तांदूळ शिजवायचं भांडं लागलं होतं, ते स्यूमेईने तिच्या टेबलावर आणून ठेवलं होतं. त्याच्या शेजारी त्साय साहेबांची चिठ्ठी होती, दहा वाजता संचालकांनी बोलावल्याची. तिने चिठ्ठी घडी करून स्वेटरच्या खिशात टाकली. दहाला अजून वेळ होता. तिला फक्त दरवाजा दिसत होता.

नऊला सात मिनिटं कमी असताना बीयुन आली. टोपी नव्हती, केस ओले करून विंचरलेले. मागे नवरा, हातात तिची पिशवी धरून, कुणाच्याच तोंडाकडे न बघता. बीयुनने युएछिनला बघितलं, मान हलवली नाही, पण तिच्या बाजूने चालायला लागली.

लिफ्टमध्ये तिघंच होती. डॉक्टरांची खोली पाचव्या मजल्यावर. युएछिनने बटण दाबलं. आकडे उजळत गेले, दोन, तीन, आणि मग पाच.

“हा खरा चौथा ना?” बीयुनने विचारलं.

“चौथा.”

“मग चौथाच म्हण. आत गेल्यावर डॉक्टर काही गोल गोल बोलायला लागले, की तिथेच थांबवायचं त्यांना. समजलं?”

“समजलं.”

दार उघडलं. नवरा आधी बाहेर पडला आणि कुठल्या बाजूला जायचं ते न कळून उभा राहिला. युएछिनने बीयुनच्या कोपराला हात लावला, उजवीकडे, आणि बीयुनने तो झटकला नाही.